माणगावचा पुतळा: यशवंत घाडगे नक्की कुणासाठी लढले?

घाटमाथा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात श्रीवर्धनला जाताना माणगावला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. चहाला उतरलो तेव्हा भाच्याला तहसील कार्यालयासमोरचा यशवंत घाडगे यांचा पुतळा दाखवायला नेलं. पोरगा अकरावीत आहे. त्याने सरळ विचारलं, "मामा, हे इंग्रजांच्या फौजेत होते ना? मग आपण यांचा पुतळा का उभारला?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची कंपनी जर्मन मोर्चावर, म्हणजे त्यांच्या पक्क्या ठाण्यावर, चालून गेली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उरले एकटे घाडगे. मागून कुणी येणार नाही हे माहीत असताना ते त्या मोर्चावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले. मग टॉमी गनने आणखी एक जण टिपला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा गन नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जो मोर्चा घेतला त्यातच प्राण गेला. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. त्यांची कबर कुठे आहे हे माहीत नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. त्या क्षणी हा माणूस ना राजासाठी लढत होता, ना साम्राज्यासाठी. आजूबाजूला आपल्याच मुलखातली पोरं पडली होती, त्यांच्यासाठी तो धावला. तो आपला आहे आणि त्याचा पुतळा तालुक्याच्या मध्यावरच हवा.

येरळाकाठ

शौर्याबद्दल दुमत नाही, पण बाकीचं मला मान्य नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या वडूजचा. ९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या गावात मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. परशुराम घार्गे पडले आणि त्यांच्यासोबत आणखी माणसं गेली. ती माणसं निःशस्त्र होती. जे सरकार त्या दिवशी वडूजला गोळ्या घालत होतं, त्याच सरकारची बिल्ल्याची टोपी घालून दोन वर्षांनी घाडगे इटलीत लढत होते.

तुम्ही म्हणता पुतळा तहसील कार्यालयासमोर आहे. आमच्याकडे त्याच कचेरीवर झेंडा लावायला गेलेली माणसं मेली. या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजायला तुम्हाला अवघड जात नाही का? मला जातं. आमच्या आजीने पत्री सरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध भूमिगत लढणाऱ्या, माणसांना रात्री भाकऱ्या पोचवल्या. वाड्यावर झडती आली की ती पिठाच्या डेऱ्यामागे बसून राहायची. तिला ना पदक मिळालं, ना पेन्शन.

पलटणीतली लेक

येरळाकाठ दादा, तुमच्या आजीला नमस्कार. आता माझ्या आजोबांचं ऐका.

ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीहून जिवंत परत आले. गावात दोन वर्षं पाऊस नव्हता आणि खाणारी तोंडं नऊ. भरतीवाले आले तेव्हा त्यांनी छाती मोजून दिली आणि बेळगावला गेले. "स्वातंत्र्याचं काय?" असं त्यांना त्या रांगेत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी घरी चूल पेटायची होती. त्यांची मनीऑर्डर आली की पणजी आधी सावकाराकडे जायची, मग वाण्याकडे.

त्यांचं इटली स्टार हे युद्धपदक आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. तांबूस धातूची सहा टोकांची चांदणी, वर लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी आणि लाल अशी पट्ट्यांची फीत. फितीचा हिरवा आता विटला आहे. आजोबा ती छातीवर लावून कधी मिरवले नाहीत, पण ती फेकूनही दिली नाही. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिला हळदकुंकू लावायचे.

या माणसाला तुम्ही इंग्रजांचा म्हणणार? तो भुकेचा होता.

सडेतोड

ताई, भुकेपोटी भरती झाला असेल तर त्याच्याबद्दल करुणा वाटली पाहिजे. तो वीरपूजेचा आधार होऊ शकत नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने एकाही हिंदी प्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी त्यावरूनच राजीनामे दिले. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं उपाशी मेली आणि युद्धाचा गाडा चालूच राहिला. ज्या देशाला युद्धाबद्दल विचारलंच नाही, त्या देशाच्या पोरांनी मिळवलेलं पदक म्हणजे मालकाने दिलेली शाबासकी. आपण स्वतंत्र होऊन ती शाबासकी का जपायची?

आणि घाटमाथा, "साम्राज्यासाठी लढत नव्हता" हे तुम्ही कशावरून म्हणता? घाडग्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं आपल्यापुढे नाही. आहे ते सरकारी प्रशस्तिपत्र. तेही मालकाच्याच शब्दांत.

घाटमाथा

हा शेवटचा मुद्दा मी घेतो. त्यांच्या मनात काय होतं ते मी ठामपणे सांगायला नको होतं. पण सडेतोड, तेच तुम्हालाही लागू. मालकासाठी लढला हेही तुम्ही प्रशस्तिपत्रावरूनच म्हणता आहात.

दुसरं असं की समोर कोण होतं? सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, त्यानंतर हिटलरच्या फौजांनी तो देश दाबून धरला होता. इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावात २०२३ साली घाडग्यांच्या नावाने छायाघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. ते इंग्रजांनी उभारलेलं नाही. ज्या डोंगरांत आपली पोरं मेली तिथल्याच लोकांना जवळपास ऐंशी वर्षांनी ती आठवली.

जुना हवालदार

मी नोकरी करून आलेला माणूस, म्हणून थोडं लिहितो.

घाडगे ज्या पलटणीत होते ती पुढे कुठे गेली हे बघा. स्वातंत्र्यानंतर लगेच हीच तिसरी मराठा, पॅरा (छत्रीधारी) झालेली, ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये काश्मीरला लढली. १९५२ मध्ये ती दोन पॅरा झाली. बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलला छत्रीने उतरली ती दोन पॅरा. पाच दिवसांनी ढाक्यात सगळ्यात आधी शिरली तीही हीच. पलटणीत नवीन पोरगा आला की त्याला जुन्या लढाया पाठ करायला लावतात. टायबरची लढाई इंग्रजांची म्हणून वगळली असती, तर टांगाइलला उडी मारणाऱ्यांनी कुणाचं नाव घ्यायचं? फौजेत वारसा मध्येच तोडता येत नाही. चढाईच्या वेळी घोषणा एकच असते, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". ती इंग्रजांच्या काळातही तीच होती. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्याच सेनिओ नदीच्या बांधावर नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव हाताला जखम होऊनही उभे राहून हीच ललकारी देत होते. त्याआधी त्यांनी सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदारांना उचलून आणलं होतं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जगले.

सडेतोड

हवालदार साहेब, तुमच्या सेवेला सलाम. पण पलटणीने लढाई लक्षात ठेवणं वेगळं आणि तालुक्याने ती चौकात उभी करणं वेगळं. पलटणीच्या मेसमध्ये तसबीर लावा, माझी काही हरकत नाही. चौकातला पुतळा पोरांना सांगतो की असं व्हा. मग तिथे दस्त्याने दोन माणसं मारल्याची गोष्ट सांगताना ती माणसंही कुणाच्या तरी घरून सक्तीने आणलेली विशी-पंचविशीतली असतील, हेही सांगणार का?

पलटणीतली लेक

सांगावं. आजोबा सांगायचे. एका जर्मन पोराच्या खिशात त्याच्या आईचा फोटो सापडला होता. ती गोष्ट ते दरवेळी अर्ध्यावर सोडून गोठ्यात निघून जायचे.

येरळाकाठ

ताई, तुमचं हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

माझी हरकत कायम आहे, पण ती आता जरा वेगळी मांडतो. पुतळा राहू दे. त्याच्याखाली मराठीत नीट लिहा: हा मुलगा पारतंत्र्यातल्या देशातून, दुसऱ्याने पुकारलेल्या युद्धात गेला आणि त्याने हे केलं. तारीख लिहा, जागा लिहा. नुसतं "अमर रहे" लिहू नका. आणि इंग्रजांच्या फौजेतले सगळेच सारखे नव्हते हेही भाच्याला सांगा. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नौदलाच्या खलाशांनी बंड केलं, तेही गणवेशातलेच होते.

घाटमाथा

फलकाचं शंभर टक्के पटलं. नाविकांच्या बंडाबद्दल भाच्याला काहीच माहीत नव्हतं, काल रात्री सांगितलं. त्याने वडूजबद्दलही विचारलं. येरळाकाठ, दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन येतो. कचेरी दाखवाल का?

येरळाकाठ

या की. घरी जेवायलाच या. माणगावला हार घालायला मी येणार नाही, हे मात्र आताच सांगून ठेवतो.