सायलेंट हंटर 3 : लक्ष्य जहाजाचा कोन पेरिस्कोपमधून कसा ठरवावा?

प्रश्न

नमस्कार. सायलेंट हंटर 3 या पाणबुडीच्या संगणक-खेळात टॉर्पेडोची आकडेमोड आजवर मी खेळावरच सोपवत होतो. आता ती स्वतः करू लागलो आहे. अंतर आणि वेग बऱ्यापैकी जमतात, परंतु जहाजाची नाळ (पुढचे टोक) आपल्या दृष्टिरेषेशी किती अंशांचा कोन करते, म्हणजेच एओबी (अँगल ऑन द बो), तिथे माझी फसगत होते. काल सुमारे 1000 मीटरवर 8 नॉट वेगाने येणारे मालवाहू जहाज निम्म्या लांबीचे दिसले, म्हणून मी 45 अंश धरले आणि 30 नॉटचा टॉर्पेडो त्याच्या नाळेपुढून निघून गेला. माझे नेमके काय चुकले?

उत्तर 1

आपली चूक बहुतेक सर्वांकडून होते. दिसणारी लांबी कोनाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या साइनच्या प्रमाणात बदलते; त्यामुळे निम्मी लांबी दिसली तर कोन 30 अंशांचा असतो, आणि 45 अंशांवर लांबीचा जवळजवळ 71 टक्के भाग दिसतो. 30 अंशांना पुढचा नेम, म्हणजे चालत्या जहाजाच्या जितके पुढे टॉर्पेडो सोडायचा तो कोन, सुमारे 7.7 अंशांचा हवा होता, आपण तो 10.9 धरलात, एवढ्या फरकाने टॉर्पेडो पन्नासेक मीटर बाजूला जातो.

अंतर ठाऊक नसले तरी अडत नाही. ओळखपुस्तिकेत लांबी आणि डोलकाठीची उंची दिलेली असते. समजा ती 135 आणि 27 मीटर आहे, म्हणजे गुणोत्तर 5. पेरिस्कोपच्या रेघांवर लांबी उंचीच्या अडीचपट भरली, तर 2.5 भागिले 5 म्हणजे 0.5, अर्थात 30 अंश.

उत्तर 2

वरील रीत जहाज आडवे येऊ लागले की निकामी होते, कारण 75 अंशांवरही 97 टक्के लांबी दिसते आणि तिथून 90 पर्यंतचा फरक डोळ्याला कळत नाही. गंमत अशी की तिथे चूक झाली तरी ती खपून जाते : प्रश्नातल्याच वेगांनी हिशोब केल्यास 75 आणि 90 अंशांच्या नेमात जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडतो. म्हणून मी शक्यतो जहाज आडवे येईपर्यंत थांबतो.

मात्र वेळ असेल तर नकाशाला पर्याय नाही. जहाजाची जागा 3 मिनिटे 15 सेकंदांच्या अंतराने दोनदा टिपावी. तेवढ्या वेळात ते जितके शेकडा मीटर सरकते, तितके नॉट त्याचा वेग असतो, आणि दिशाही त्याच रेषेवरून मिळते. जहाज आपल्यापासून 060 वर (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले अंश) असेल तर त्याला आपण 240 वर दिसतो. ते 270 कडे चालले असेल, तर आपण त्याच्या नाळेच्या डाव्या हाताला 30 अंशांवर आहोत.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. एक शंका उरते : साइन तर 30 आणि 150 या दोन्ही अंशांना सारखाच येतो. अंधारात जहाज येते आहे की जाते आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर 1

गुणोत्तर ते सांगूच शकत नाही. दोनदा अंतर मोजावे : 30 अंशांवर ते झपाट्याने घटते, 150 वर वाढत जाते. नाळेपाशी फुटणारा फेस दिसला तर तेवढेही करावे लागत नाही.