निळा ड्रम, मालिका आणि साप चावल्याची बतावणी

बालाघाट:
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, "क्राईम मालिका बघूनच बायका नवऱ्याला मारायला शिकल्या." पुरावा काय, तर मार्च 2025 चा मेरठचा, नवऱ्याचं प्रेत सापडलेला निळा ड्रम. एका ड्रमवरून सगळ्या बायकांना आरोपी करू नका. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या विभागाच्या, आकड्यात 2022 ला हुंडाबळीचे 6,450 गुन्हे आहेत, त्यांवर कुणी रील बनवली? मालिकेला प्रियकर, विमा आणि सुपारी लागते. सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा आपल्या मराठवाड्यातलाच निकाल बघा. ट्रॅक्टरच्या सामानासाठी माहेरून पैसे आणायचा तगादा, बाई मेली, नवरा म्हणाला साप चावला. शवविच्छेदनात निघालं, गळा दाबून मारलं.

कोर्टनाका, लातूर:
बायकांची बाजू घ्या, पण मालिकांचं खरं नुकसान वेगळं आहे. दुपारी प्रेत, संध्याकाळी डीएनए, मृत्यूची वेळ मिनिटासकट. मे महिन्यात आपल्याकडे प्रेताचा ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो. डॉक्टर तासांचा अंदाज देतो, मिनिटं नाही. लोकांना ते पटत नाही, मग "डॉक्टर विकला गेला".

परभणीची_लेक:
नुकसान कसलं म्हणायलेत? पोरीला जाळायच्या आधी शवविच्छेदन मागायचं, हे गावातल्या बापाला टीव्हीनंच शिकवलं. आधी सासरचे सांगायचे विष प्याली, आणि दोन तासांत सरण पेटायचं.

कोर्टनाका, लातूर:
शवविच्छेदनाचं मान्य. पण पुढचं टीव्ही दाखवत नाही. व्हिसेरा, म्हणजे तपासणीला काढून ठेवलेले अवयव, कसा जातो माहीत आहे का? एका बरणीत जठर, त्यातलं अन्न आणि लहान आतड्याचा वरचा तुकडा. दुसरीत अर्धा किलो यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. विषाच्या तपासणीला साधारणपणे संपृक्त मिठाचं पाणी. फॉर्मॅलिन ओतलं की विष निघणं अवघड. बरणी दोन तृतीयांशच भरायची, नाहीतर आत वायू साचून फुटते. रक्त फ्लोराइडच्या बाटलीत. आणि सीलचा नमुना सोबत जोडला नाही किंवा जुळला नाही, की बचावाचा वकील तिथंच पकडतो. रासायनिक तपासणीचा (सीए) रिपोर्ट यायला महिने जातात, तोवर पंच फितूर.

बालाघाट:
विषय बायका-नवऱ्याच्या खुनाचा होता, तुम्ही बरण्या मोजत बसलात!

कोर्टनाका, लातूर:
बरण्यांतच खटला बुडतो, म्हणून मोजतो. तुम्हाला नुसता संताप हवा आहे.

घाटी_वॉर्ड:
दोघंही थांबा. फासाचं कुणीच बोललं नाही. लटकलेल्या माणसाचा वण बहुतेक तिरका, कानामागं वर चढणारा, गाठीपाशी तुटलेला. गळा आवळला असेल तर आडवा, खाली, सहसा पूर्ण गोल. मारून मग टांगलं असेल तर दोन्ही खुणा सापडू शकतात. म्हणून साडी गाठीपासून लांब कापायची, गाठ सोडायची नाही. गावात पहिल्यांदा गाठच सोडतात! लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर दंडाधिकाऱ्याच्या इन्क्वेस्टचा, म्हणजे मृत्यूच्या चौकशीचा, आग्रह धरा.

परभणीची_लेक:
आणि मोबाइलचं? तो तर टीव्हीवर लगेच उघडतो.

कोर्टनाका, लातूर:
तेही जालन्यानंच शिकवलं. खोतकर-गोरंट्याल या तिथल्या उमेदवारांच्या निवडणुकीच्या वादात 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जुन्या साक्ष कायद्याच्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र लागतंच. आता नव्या साक्ष अधिनियमात कलम 63, सोबत हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. प्रमाणपत्राशिवाय सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, नुसता कागद.

बालाघाट:
बरं, कागदाचं मानलं. पण 2006 च्या निकालात फोन होता का? घराच्या चार भिंतीत बाई मेली, तर नवऱ्यानं खुलासा द्यायचा, आणि खोटा दिला तर ती साखळीतली जादा कडी, असं न्यायालय म्हणालं. साक्ष कायद्याचं तेव्हाचं कलम 106, आता 109.

कोर्टनाका, लातूर:
ती रात्र तो घरात होता, हे आधी फिर्यादी पक्षानं सिद्ध करायचं. ते शेजारी सांगणार, आणि शेजारी त्याच्याच भावकीतले. यावर कुणी भाग काढला तर मी स्वतः बघीन.