मदत हवी आहे: नवीन टेक्नो-ॲम्बियंट संगीत शोधायचं कुठे, आणि त्याच्या धंद्यातल्या घडामोडी कळणार कुठून?

नमस्कार मंडळी,

ऐकणं मुख्यतः डब टेक्नो (घुमणाऱ्या प्रतिध्वनींचं इलेक्ट्रॉनिक संगीत), ॲम्बियंट (संथ, वातावरण उभं करणारं) आणि थोडं डेट्रॉइटचं टेक्नो. अडचण अशी की स्ट्रीमिंग ॲपवर बेसिक चॅनेल या बर्लिनच्या जोडीचा एखादा ट्रॅक लावला की मागून येणारी रांग आता तोंडपाठ झालीय. चांगलंच असतं सगळं, पण बरंचसं नव्वदच्या दशकातलं. याच धाटणीचं आज बर्लिनला, ब्रिस्टलला, नाहीतर आपल्याकडे दिल्ली-मुंबईत कोण करतंय, याचा पत्ता लागत नाही. 'खास तुमच्यासाठी' म्हणून येणाऱ्या याद्यांत तर हल्ली गुळगुळीत, निनावी ॲम्बियंटचा भरणा. कलाकाराच्या नावावर टिचकी मारली तर ना फोटो, ना लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी), ना कुठे कार्यक्रम केल्याची खूण.

दुसरा प्रश्न पैशांचा. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात किमान १००० वेळा ऐकला न गेलेल्या ट्रॅकला रॉयल्टीच मिळत नाही. माझ्या आवडीची बरीच मंडळी त्या रेषेखालीच असावीत. म्हणून बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार आपलं संगीत थेट विकतात त्या साइटवर, विकत घ्यायला लागलो, तर ती कंपनी मार्च २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीकडे गेली, पुढच्याच वर्षी साँगट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीकडे, आणि त्या व्यवहारात जवळपास निम्म्या लोकांना नारळ! मला हे कळलं फार उशिरा.

तर तुम्ही नवीन काही शोधता कसं? आणि असल्या बातम्या वेळेवर वाचता कुठे? कृपया 'यूट्यूबवर बघा' एवढंच सांगू नका. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:
बेसिक चॅनेल आवडतं ना, मग हार्ड वॅक्सपासून सुरुवात करा. त्या जोडीतल्या मार्क अर्नेस्टस यांनीच १९८९ मध्ये बर्लिनला काढलेलं रेकॉर्डचं दुकान. साइट दिसायला अगदी रुक्ष, पण रेकॉर्डखाली एका ओळीचं वर्णन आणि ऐकायला तुकडे असतात. वर्णनाच्या शेवटी 'टिप' लिहिलेलं दिसलं तर ती रेकॉर्ड सोडू नका.

बँडकॅम्पवर अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो दिसतात. एकावर टिचकी मारा, त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. मात्र मोजकेच गिऱ्हाईक असलेला अल्बम धरा. हजारो असले की पुन्हा तीच प्रसिद्ध नावं.

प्रतिसाद:
बातम्यांसाठी शॉन रेनाल्डो यांचं 'फर्स्ट फ्लोअर' हे वार्तापत्र. विषय इलेक्ट्रॉनिक संगीताचाच, त्यामुळे शिफारशी आणि धंद्याची चिरफाड दोन्ही एकाच ठिकाणी. बाकी बऱ्याच ठिकाणी प्रसिद्धीपत्रकंच थोडी सजवून छापतात, असं माझं मत.

बँडकॅम्पचं म्हणाल तर मालक कोणीही होवो, घेतलेला अल्बम फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा, पण जास्त जागा खाणारा फॉरमॅट) उतरवून हार्ड डिस्कवर टाका. डिजिटल विक्रीत त्यांचा वाटा एरवी १५ टक्के. 'बँडकॅम्प फ्रायडे'ला तोही सोडतात, म्हणून मी खरेदी त्या शुक्रवारसाठी साठवून ठेवते.

प्रतिसाद:
अवांतर: मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३ हा सिंथेसायझर आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन यांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी विचारलं नाही. एका डच संग्राहकाच्या हाती लागली म्हणून २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि मग ॲसिड हाऊसवाले (त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर पुढे उभं राहिलेलं नृत्यसंगीत करणारे) चाट पडले. अशी खोदाई करणारी माणसं धरा, त्यांची छोटी लेबलं धरा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. हार्ड वॅक्सवर आख्खी दुपार गेली, ऑफिसचं काम तसंच पडलंय. एक शंका: फोनमध्ये फ्लॅकला जागा नाही. एकदाच पैसे भरून घरी फ्लॅक आणि फोनवर एमपीथ्री, असं चालतं का?

प्रतिसाद:
चालतं. बँडकॅम्पवरच्या तुमच्या कलेक्शनमधून हवा तो फॉरमॅट निवडून पुन्हा उतरवा, वेगळे पैसे पडत नाहीत.