प्रतिसाद: खरं लिहायला भाषा चांगली असावी लागते का?

वर म्हटलंय की आधी भाषा सुधारा, मनातलं नंतर लिहा, ते मला नाही पटत. दहावीला मी 'माझी आई' निबंधात गाईडमधली आई उतरवली होती, पहाटे उठून सडा घालणारी, तुळशीला पाणी घालणारी, आणि मार्क पण मस्त पडले. माझी आई तेव्हा कंपनीत सेकंड शिफ्टला जायची, रात्री बाराला आली की साबणाने दोनदा हात धुतले तरी ऑइलचा वास राहायचा आणि त्याच हातानं ती माझं पांघरूण सारखं करायची. हे निबंधात लिहिता येतं हेच मला माहीत नव्हतं, कुणी सांगितलंच नाही.

आता एस.वाय.ला मुक्ता साळवेंचा निबंध वाचला, फुल्यांच्या शाळेतली, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या मांग समाजातली विद्यार्थिनी, 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत छापून आलेला. त्यात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर पण नसतं, थंडीपावसात काय हाल होत असतील. आणि थेट देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता. शाळकरी मुलगी हो! अंगावर काटाच आला, कारण तिनं जे रोज बघितलं तेच लिहिलंय.

त्याच रात्री आईवर परत लिहायला बसलो. दीड पान झालंय, व्याकरणाच्या चुका असतील भरपूर, पण ऑइलचा वास आलाय त्यात. आईला अजून वाचून दाखवलं नाहीये, रविवारी तिला सुट्टी आहे तेव्हा दाखवणार.