मदत हवी आहे : समरकंद-बुखारा-खिवा, छोट्या ग्रुप टूरमध्ये फोटोंचं कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि नवरा उझबेकिस्तानला निघालोय. छोटी टूर आहे, चौदा माणसं आणि एक टूर मॅनेजर. ताश्कंदहून विमानाने उर्गेंच, तिथून खिवा, मग बसने बुखारा, रेल्वेने समरकंद आणि परत ताश्कंद.

कार्यक्रमपत्रिका हातात आली आणि माझा चेहरा पडला. रोज सकाळी नऊला हॉटेलमधून निघायचं, दुपारी एकला जेवण, संध्याकाळी सहाला परत हॉटेलवर आणि साडेसातला 'भारतीय भोजन'. म्हणजे समरकंदचा रेगिस्तान नावाचा चौक सकाळी अकराला आणि खिव्याच्या मातीच्या भिंती भर दुपारी दोनला. डोक्यावर ऊन आणि समोर बाकीच्या सगळ्या टूर्सच्या टोप्या. फोटोला ज्या वेळा बऱ्या, त्या वेळी आम्ही एकतर इडली खात असणार किंवा पनीर.

सामानात एक साधा मिररलेस कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स आणि फोन. ट्रायपॉड आहे, पण न्यावा की नाही ते कळत नाहीये. मी काही स्पर्धांना फोटो पाठवणारी नाही, पण दहा वर्षांनी बघताना फोटोत इमारत दिसावी, समोरच्या माणसाची पाठ नको, एवढीच इच्छा. शिवाय माझ्यामुळे बाकीचे बारा जण बसमध्ये ताटकळतायत हेही नको.

तर प्रश्न असे : या वेळापत्रकात फोटोंसाठी वेळ कुठून काढायचा? कुठली इमारत कधी बघावी? वेगळी लेन्स घ्यावी का? आणि टूर कंपनीला आत्ताच काय विचारून ठेवावं? पैसे अर्धे भरलेत, उरलेले महिनाअखेर.

दुपारची_झोप
फोटोच काढायचे तर ग्रुप टूर कशाला घेतली म्हणे? दोघंच जा की. ट्रेनची तिकिटं ऑनलाइन मिळतात.

धागाकर्ती
अहो, नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बॅगा उचलणं जमत नाही. आणि खरं सांगायचं तर परक्या देशात शाकाहारी जेवण शोधत फिरायचा मला कंटाळा आहे. तेव्हा टूर नक्की. त्यातून वाट काढायची आहे.

खिडकीजवळची_सीट
ताई, कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी कंपनीला मेल टाका आणि तिन्ही गावांतल्या हॉटेलांची नावं मागवा. 'चार तारांकित किंवा समकक्ष' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. तारे किती त्याने काही फरक पडत नाही, हॉटेल कुठे आहे त्याने पडतो. खिव्यात इचान कला म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं गाव, तिथेच मुक्काम असेल तर तुमचे अर्धे प्रश्न सुटले. बुखाऱ्यात ल्याबी हाउझ तलावाच्या आसपास आणि समरकंदला रेगिस्तानपासून चालत जाता येईल असं हॉटेल हवं. तसं असेल तर टूर नऊला निघू दे नाहीतर दहाला, साडेसहा ते आठ हा वेळ तुमचा. टूर मॅनेजरलाही बरंच वाटतं, कारण फोटोवाल्याची हौस सकाळीच फिटलेली असते.

आता उजेडाचं. रेगिस्तानात चौकाच्या तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. पश्चिमेला उलुगबेगचा, म्हणजे तैमूरच्या नातवाचा (१४१७-२०), त्याचं तोंड पूर्वेला. समोर शेर-दोर (१६१९-३६), त्याचं तोंड पश्चिमेला. मधला तिल्या-कोरी (१६४६-६०) दक्षिणेकडे तोंड करून. म्हणजे सकाळी उलुगबेग उजळतो आणि शेर-दोर सावलीत असतो, दुपारनंतर उलटं. शेर-दोरवर ते वाघासारखे सिंह आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचे सूर्य आहेत, ते हवे असतील तर संध्याकाळशिवाय पर्याय नाही. तुमची टूर अकराला नेणार, तेव्हा वाघांकडे बघून घ्या, फोटोचा आग्रह नको. दक्षिणेच्या बाजूला तिकिटाच्या कठड्याबाहेर उंचावर जागा आहे, तिथून तिन्ही इमारती एकत्र दिसतात. पहाटे आणि रात्री तिथेच उभं राहायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समरकंदला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश निळं असतं आणि इमारतींवर दिवे लागलेले असतात. जेवण साडेसातला आहे ना? मग वेळ आहे की! सहाला हॉटेलवर चहा प्यायला थांबायचं नाही, एवढंच.

बुखाऱ्यातही तसंच गणित. कल्याण मशिदीचा दरवाजा पूर्वेला, तो सकाळी. समोरचा मीर-ए-अरब मदरसा आणि त्याचे निळे घुमट संध्याकाळी. तो मदरसा अजून चालू आहे, आत विद्यार्थी शिकतात, त्यामुळे पर्यटकांना फार आत सोडत नाहीत. मधला मिनार ११२७ चा, साधारण ४६ मीटर उंच, नुसत्या विटांच्या नक्षीचा. चौक उघडा आहे, कधीही जा. सामानी राजांची कबर मात्र चुकवू नका. दहाव्या शतकातली छोटीशी चौकोनी इमारत, रंग अजिबात नाही, सगळी करामत विटा रचण्यात आहे. तिला तिरपं ऊन लागतं, दुपारच्या उजेडात ती सपाट दिसते आणि लोक पाच मिनिटांत पुढे जातात. वाईट वाटतं.

खिवा या तिघांत पश्चिमेला आहे पण घड्याळ देशभर एकच, त्यामुळे तिथे सूर्य समरकंदपेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा मावळतो. कुन्या आर्क किल्ल्यात अकशेख बोबो नावाचा बुरूज आहे, वेगळं तिकीट काढून वर जायचं. तिथून अख्खं गाव, अर्धवट राहिलेला जाडजूड निळा कल्ता मिनोर आणि उंच इस्लाम खोजा मिनार एका चौकटीत येतात. जिना चढायचा आहे, गुडघ्याचा विचार करा. यजमानांना खाली चहाच्या दुकानात बसवलंत तरी चालेल.

लेन्सवर खर्च करू नका. तुमच्या लेन्सची १८ ची रुंद बाजू पुरेशी आहे. फक्त कमानीजवळ उभं राहून कॅमेरा वर उचलू नका, मिनार मागे कोसळल्यासारखे दिसतात. लांब जा, कॅमेरा सरळ धरा, उभा फोटो घ्या आणि खालची फरशी नंतर कापून टाका.

मोडी_वाचक
वरचा प्रतिसाद वाचून हात शिवशिवले. थोडी भर.

समरकंदची बीबी खानम मशीद तैमूरने १३९९ मध्ये, म्हणजे दिल्ली लुटून परतल्यावर लगेच, बांधायला घेतली. दिल्लीहून नेलेले कारागीर आणि हत्ती तिथे राबले. ती बघताना 'वा, काय भव्य' म्हणताना घास जरा अडकतो. माझा अडकला.

उलुगबेगच्या वेधशाळेत टूरवाले पंधरा मिनिटं देतात, कारण वर आता फारसं काही उरलेलं नाही. पण जमिनीखाली खडकात कोरलेली भल्या मोठ्या वेधयंत्राची वक्र चाकोरी आहे, ती १९०८ मध्ये उत्खननात सापडली. उलुगबेगच्या ग्रह-ताऱ्यांच्या सारण्या सवाई जयसिंगाने वापरल्या होत्या. जयपूरचं जंतरमंतर पाहिलं असेल तर इथे जरा जास्त वेळ थांबा. फोटोसाठी मात्र अवघड जागा आहे. अंधार, समोर कठडा आणि मागून ढकलणारे लोक. फोन कठड्यावर टेकवून घ्या.

घाटवाट
ट्रायपॉड नेऊ नका असं माझं मत. तिकिटाच्या जागी रखवालदार हटकतात आणि ग्रुपमध्ये तो उघडेपर्यंत गाइड पुढच्या खोलीत गेलेला असतो. त्याऐवजी एक युक्ती. तिल्या-कोरीच्या आत सोन्याचं काम केलेलं छत आहे, खालून घुमट वाटतो पण ते छत सपाट आहे, घुमटाचा भास नुसता रंगवलाय. फोन जमिनीवर पालथा नाही, उताणा ठेवायचा, सेल्फी कॅमेरा चालू, दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि बाजूला व्हायचं. बरोबर मधोमध ठेवलात तर असा फोटो येतो की ग्रुपमधले सगळे रांगेने फोन ठेवतात. मग तुम्हीच सगळ्यांना उशीर करता, ते वेगळं.

खिव्याच्या जुम्मा मशिदीत दोनशेच्या वर लाकडी खांब आहेत, प्रत्येकाचं कोरीव काम वेगळं, आणि उजेड फक्त छतातल्या झरोक्यांतून. तिथे खांबाला पाठ टेकून श्वास रोखायचा. फ्लॅश नको.

फरशांवर ऊन चमकत असेल तर पोलरायझर फिल्टर उपयोगी पडतो, चकाकी जाते आणि निळा रंग खुलतो. फार रुंद फोटोत आकाश एका बाजूला काळपट दिसतं, तेवढं सांभाळा. ड्रोन असेल तर घरीच ठेवा, परवानगीशिवाय देशात आणायचीच बंदी आहे.

सासवडची_सून
मी फोटोवाली नाही, पण असल्या ग्रुपमध्ये फिरलेय म्हणून सांगते. पहिल्याच दिवशी बसमध्ये सगळ्यांना सांगून टाका की मला फोटोंची आवड आहे, कुणाला जोडीचा फोटो हवा असेल तर हाक मारा. दोन-चार काका-काकूंचे चांगले फोटो काढून दिलेत की नंतर पाच मिनिटं उशीर झाला तरी कुणी घड्याळ दाखवत नाही. उलट तेच म्हणतात, थांबा, ताई येतायत.

गाइड बोलत असताना मात्र कॅमेरा खाली. तो सांगतो तेव्हा ऐकायचं, तो संपवून मोकळा वेळ देतो तेव्हा सगळे दुकानांत शिरतात. मदरशांच्या खोल्याखोल्यांत दुकानंच आहेत, सुझनीचं भरतकाम, चाकू, वाडगे. तेवढ्या वेळात चौक जरा रिकामा होतो.

आणि तिथली माणसं! तुम्ही त्यांचे फोटो काढायला जाल आणि तीच तुमच्याबरोबर सेल्फी मागतील. भारतीय म्हटलं की राज कपूर आणि मिथुन. 'मुमकिनमी?' विचारून मगच फोटो काढा, नंतर 'रहमत' म्हणा. समरकंदच्या शाह-ए-झिंदा या जुन्या कबरस्तानात लोक कबरींपाशी दुआ मागत बसलेले असतात, तिथे त्यांच्याकडे कॅमेरा रोखू नका. ती गल्ली अरुंद आहे, टूरच्या गर्दीत फार काही मिळत नाही. नक्षीचे जवळून फोटो घ्या, तिथल्या फरशा सगळ्या समरकंदात सरस आहेत असं मला वाटतं.

जेवणाचं म्हणाल तर भोपळ्याचा सामोसा, नान आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर जवळपास सगळीकडे मिळते. एखादं भारतीय भोजन बुडवून फोटो काढलेत तरी उपाशी राहणार नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. कंपनीला मेल टाकला होता, उत्तर आलंय. बुखाऱ्याचं हॉटेल ल्याबी हाउझपासून चालत दहा मिनिटं आहे. समरकंदचं रेगिस्तानपासून गाडीने दहा मिनिटं. खिव्याचा मुक्काम मात्र तटबंदीच्या आत नाही, उर्गेंचमध्ये आहे, 'तिथली हॉटेलं मोठी आहेत' म्हणून. आता?

ताश्कंदला मोकळी दुपार आहे, तिथे शास्त्रीजींच्या पुतळ्याला जाऊन येणार. आणखी काही?

खिडकीजवळची_सीट
उर्गेंच म्हणजे खिव्यापासून तीसेक किलोमीटर. हे पटण्यासारखं नाही. उरलेले पैसे भरायच्या आधी फोन करा आणि सांगा की आम्हा दोघांना खिव्यात आतल्या एखाद्या छोट्या हॉटेलात ठेवा, फरक आम्ही भरतो. आत जुन्या घरांची हॉटेलं बरीच आहेत. जमलं नाही तर दुसरी मागणी : खिव्यातून सहाला नाही, साडेसातला निघायचं आणि जेवण तिथेच. चौदा जणांच्या ग्रुपला हे सहज करता येतं, चाळीसच्या बसला नाही. छोट्या टूरचे जास्तीचे पैसे मोजलेत ते याचसाठी. ग्रुपमधल्या आणखी एक-दोघांना हेच विचारायला लावलंत तर कंपनी लवकर हलते.

समरकंदची काळजी नको. यांडेक्सचं टॅक्सी ॲप तिथे चालतं, पहाटे सहाला गाडी बोलवा, आठच्या आत नाश्त्याला परत. गूर-ए-अमीर, म्हणजे तैमूरची कबर, रेगिस्तानपासून जवळच आहे. तिथे रात्री जा, पाकळ्यांच्या निळ्या घुमटावर दिवे असतात.

ताश्कंदला मेट्रो! १९७७ पासून चालू आहे, आणि २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, आता नाही. कोस्मोनाव्तलार आणि अलीशेर नवोई ही दोन स्टेशनं बघाच. वर ऊन असो की पाऊस, तिथला उजेड दिवसभर सारखाच.

धागाकर्ती
फोन केला. खिव्यातलं हॉटेल बदलणं 'बघतो' म्हणालेत, पण रात्रीचं जेवण तटबंदीच्या आत करायला तयार आहेत. नवऱ्याचं म्हणणं, गुडघा ठीक आहे, बुरूज तोही चढणार. पोलरायझर कितव्या मापाचा घ्यायचा? लेन्सवर ५८ लिहिलंय.

घाटवाट
मग ५८ चाच. 'सर्क्युलर' लिहिलेला घ्या आणि निघायच्या आधी घरच्या गच्चीवर फिरवून बघा.