‘एकच प्याला’तील सुधाकर : दहावीच्या वर्गात स्वभावचित्रण कसे शिकवावे?

प्रश्न (मराठी शिक्षिका, धारूर तालुका, जि. बीड)
नमस्कार. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन म्हणून मी दहावीच्या मुलांना गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील निवडक प्रवेश वाचून दाखवते. सुधाकरचे स्वभावचित्र लिहायला सांगितले की जवळजवळ प्रत्येक वहीत एकच वाक्य येते : ‘सुधाकर हुशार होता, पण दारूच्या आहारी गेला.’ सिंधू म्हणजे देवी आणि तळीराम म्हणजे राक्षस, एवढ्यावर विषय संपतो. माणूस स्वतःच्याच स्वभावापायी कसा कोसळतो, हे मुलांनी आपणहून शोधावे यासाठी काय करावे?

उत्तर (शिक्षक, लातूर)
मॅडम, काही दिवस विशेषणांवर बंदी घालून पाहा. मी फळ्यावर तीन रकाने आखतो : पात्र स्वतःविषयी काय बोलते, इतर पात्रे त्याच्याविषयी काय बोलतात आणि ते प्रत्यक्षात काय करते. प्रत्येक नोंदीपुढे संवादातली ओळ लिहायचीच. पहिल्या अंकावरच दोन तास खर्च करा, कारण सगळे मर्म तिथे आहे : भर कोर्टात झालेला अपमान, काही काळासाठी गेलेली वकिलीची सनद आणि त्या जखमी अवस्थेत तळीरामाने पुढे केलेला प्याला. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले होते, ‘सर, त्या दिवशी तळीराम आलाच नसता तर?’ त्या प्रश्नावर वर्ग तासभर बोलत राहिला आणि शेवटी मुलेच म्हणाली की, दारूच्या आधी अपमान सहन न होणारा मानी स्वभाव होता. अॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाविषयी जे सांगितले, की तो दुष्ट नसतो, त्याच्या हातून मोठी चूक घडते, ते त्यानंतर सांगावे. आधी व्याख्या दिली की मुले तिचेच पाठांतर करतात.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका, अंबाजोगाई)
सरांची पद्धत चांगली आहे, पण ताई, एक गोष्ट जपा. आपल्या वर्गात अशी मुले असतात ज्यांच्या घरी हे नाटक रोज घडते, आणि ती बोलत नाहीत. ‘तुमच्या आजूबाजूला असा कोणी आहे का?’ असे कधीही विचारू नका. चर्चा सुधाकरपुरतीच ठेवा. सिंधूविषयी मात्र मुलींना मोकळेपणाने बोलू द्या. दळण दळून घर चालवणारी ही बाई मरताना पोलिसांसमोर नवऱ्याला निर्दोष ठरवते, ते प्रेम, संस्कार की निरुपायाने, यावर मतभेद होऊ द्या आणि उत्तर आपण देऊ नका. १९१९ साली हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली, हे सांगितले की त्या काळाकडे बघण्याची मुलांची नजर बदलते.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या वर्गातली एक मुलगी, आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे आजीकडे राहणारी, हे नाटक वाचताना मान वर करत नाही. तिच्याविषयी मी अजून विचारच केला नव्हता. सोमवारी तीन रकाने आखते, आणि तिला वाचनासाठी उभे करणार नाही.