धागा : दूरशिक्षणवाल्यांचे अर्ज बाजूला ठेवणारे तुम्ही कोण?

कळव्याची_लेक : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एकाने लिहिलं, ‘ज्यांना कॉलेज झेपत नाही ते दूरशिक्षणाला जातात, असे अर्ज मी बाजूलाच ठेवतो.’ डोकं तडकलं. महापे एमआयडीसीत सकाळची पाळी करून मी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतेय. वर्गात ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, वाचून स्वतः लिहून काढलं की पक्कं बसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनेच, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्पष्ट केलंय, मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. अजून काय हवं?

घोडबंदर_रोड : तो अर्ज बाजूला ठेवणारा मीच. अकाउंट्सला माणसं घेतो, अशांना साधी घसाऱ्याची, म्हणजे वापराने घटलेल्या किमतीची, नोंद येत नाही. आणि ‘मी वाचून शिकते, तो ऐकून शिकतो’ हे खूळ आहे. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही.

कोपरखैरणे_सेक्टर१५ : मूळ दुखणं असाइनमेंट! तीस टक्क्यांपर्यंत गुण त्याला, आणि झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. नाव घालायचं, जमा करायचं.

ऐरोलीकर_काका : नियमित कॉलेजात काय वेगळं? माझ्या पुतण्याचं प्रोजेक्ट वर्गातल्या निम्म्या मुलांनी उतरवलं. सरांनी पान उलटून पाहिलं नाही.

कोपरखैरणे_सेक्टर१५ : काका, पुतण्याने उतरवू दिलं ना? मग तोही त्यातलाच.

ऐरोलीकर_काका : घरच्या पोरावर जाऊ नका. विकत घेतलेलं आणि मित्राला दिलेलं, फरक कळतो का?

कळव्याची_लेक : झेरॉक्स पुरे. रविवारी संपर्क सत्र, म्हणजे आमचा समोरासमोरचा वर्ग, आणि रविवारीच लोकलचा मेगाब्लॉक, तरी मी ठाण्याला पोचते. तर पुढे सत्रच रद्द, निरोपही नाही! शंका विचारायच्या कोणाला? यावर कोणी बोलत नाही. आणि घोडबंदर, पॅशलर मान्य. पण त्यावरून बाकावर बसलेलाच हुशार असंही ठरत नाही.

घोडबंदर_रोड : नाही ठरत. बरं, पुढचा अर्ज बाजूला ठेवणार नाही. समोर बसवून नोंद लिहायला देईन. नियमितवाल्यालाही तीच.

कोपरखैरणे_सेक्टर१५ : आणि असाइनमेंटमधला एक प्रश्न तोंडी विचारा. काकांच्या पुतण्यालाही.

ऐरोलीकर_काका : विचारा! पत्ता देतो.